काळवतीच्या घळीवरचा झोका

बोरीवली, १६ नोव्हेंबर १९८६

सौ. मालन हीस आशीर्वाद. रागावलेले आहेत, पण आशीर्वादच आहेत.

पुलाच्या उद्घाटनाचा फोटो ग्रामस्थ मंडळाच्या सेक्रेटरीने काल घरी आणून दिला. लता म्हणाली, "बाबा, आई बघा कशा नवरीसारख्या दिसतायत!" सुनेने सांगितलं म्हणून मी चष्मा लावून बघितला. मग खिडकीपाशी नेऊन बघितला. खाली ती घळ, इतकी खोल की काळवती नदी धुणं वाळत घालायच्या दोरीएवढी दिसते. वर लोखंडी दोरखंडांना टांगलेला पूल आणि त्याच्या ऐन मध्यावर हिरव्या लुगड्यातली तू, पदरात भरली ओटी. इथवर सगळं ठीक. पण एका हाताने तुझं कोपर धरून आणि दुसऱ्या हाताने तुझ्यावर छत्री धरून जो पांढऱ्या टोपीतला इसम उभा आहे, त्याला छत्री धरायला कोणी सांगितलं होतं? बोरीवलीच्या बाजारातून भर दुपारी तू दोन्ही पिशव्या ओढत आणतेस, तेव्हा कधी तुला ऊन लागल्याचं ऐकलं नाही.

टोपीवरूनच मी धोंडिरामाला ओळखलं. तुझ्या बाबांनी त्याच्या घरची मागणी परत केली आणि घळीच्या अलीकडे, कातळवाडीतल्या आमच्या घरात तुला दिलं, कारण मला मुंबईच्या शाळेत मास्तरकी लागली होती. त्याला किती वर्षं झाली! त्याचंही लग्न झालं, बायको गेली, किंजळवाडीला टपाल कचेरी आली आणि ती त्याच्याच ओट्यावर बसली. तरी अजून त्याची टोपी तशीच तिरकी. लबाड टोपीवाला!

किंजळवाडीच्या ज्या लेकी घळ ओलांडून कातळवाडीत दिल्या, त्यांतल्या सर्वांत वडील लेकीने पुलावरून पहिल्यांदा माहेरी जावं, असं दोन्ही वाड्यांनी ठरवलं. तुझं नाव निघालं तेव्हा पेढे मीच आणले होते. जोडीने या, असं बोलावणं होतं. पण माझा गुडघा. त्या गुडघ्याने मी सकाळी आपल्या शेजारच्या ह्युबर्टबरोबर नॅशनल पार्कात तळ्यापर्यंत जातो, येताना भाजी आणतो, तेवढंच. एस.टी.चा प्रवास त्याला झेपला नसता. इस्त्री केलेला काळा कोट तसाच खुंटीला आहे. जाण्यापूर्वी तू सांगितलेली कामंही त्या कोटाच्या खिशात तशीच आहेत. होतील सावकाश.

लग्नानंतर पहिल्या वर्षी मी तुला म्हटलं होतं, आठवतं? या घळीवर एक पूल हवा, आणि तो झाला की त्याच्यावर मी कविता करीन. कविता मी केल्या. पूल त्याने केला. अर्ज करकरून, तालुक्याला खेपा घालघालून त्याने तो पूल करायला लावला आणि वर तुझी कोपरं धरायला उभा राहिला.

मुलांना भुजंगप्रयात शिकवताना मी सांगायचो की या वृत्तात ओळ सापासारखी वळते. तुमचा पूलही तसाच वळत असणार. त्याच चालीवर दोन ओळी झाल्या आहेत:

दरीला कुणी बांधला उंच झोका
मला वाटतो तो जिवालाच धोका

पुढच्या दोन होत नाहीत. फोटो नजरेसमोर असला की होत नाहीत.

हे आंतर्देशीय पत्र मी तिन्ही बाजूंनी खळ लावून चिकटवतो आहे. तुझ्या टपालमास्तराला यावर नुसता शिक्का मारता येईल. आतलं तुझं तू वाच. तुला मी लिहायला-वाचायला शिकवलं ते याचसाठी. आणि आठवड्याच्या आत नीघ.

तुझा,
गुणाजी


बोरीवली, २८ नोव्हेंबर १९८६

सौ. मालन,

तुझं कार्ड मिळालं. मजकुराबद्दल पुढे बोलतो, आधी अक्षराबद्दल. तुझी वळणं मला माहीत आहेत. तुझा 'क' नेहमी कंबर धरून उभा असतो. हे कार्ड तू दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलंस. तुझी भाचेसून अनुपमा बालवाडी चालवते, तिचंच हे अक्षर असणार. तिला माझे खास आशीर्वाद सांग. इतका गोलाईदार 'ळ' माझ्या वर्गात कधी कोणी काढला नाही. असं अक्षर काढणारं माणूस मनानेही स्वच्छ असतं, असं माझं मत आहे.

आता मजकूर. तू लिहितेस, "मी माहेरवाशीण म्हणून आले. माहेरवाशीण आपल्या पायांनी उठून सासरी जात नाही, तिला न्यायला माणूस यावं लागतं." कबूल. रीत आहे. मग मी म्हणतो, चंदूला पाठवतो. मरोळच्या कारखान्यात त्याला रजा मिळते. तर तू आधीच लिहून ठेवलंस, "चंदूला पाठवू नका. तो माझा मुलगा. मला न्यायचं काम त्याच्या बापाचं."

आणि त्याखाली ते गाऱ्हाणं! पुलाच्या तोंडाशी नारळ ठेवून धोंडिरामाने देवाला गाऱ्हाणं घातलं, हे ठीक, कोणीतरी घालायलाच हवं. पण काय म्हणून घातलं? "बा देवा महाराजा, आज आमची लेक पुलावरसून माहेराक इली. तिचो घोव तिका न्हेवक ह्याच पुलावरसून चलत येतलो. त्येचे पाय घट कर रे महाराजा!" आणि दोन्ही वाड्या ओरडल्या, "होय महाराजा!"

अगं, माझे पाय! माझ्या पायांबद्दल देवाशी बोलणी करणारा हा कोण? आयुष्यात मी कोणाच्या पायांचा नवस बोललो नाही. आता मी आलो नाही तर मी एकटा खोटा पडत नाही, दोन वाड्यांचं गाऱ्हाणं खोटं पडतं. चांगलं बांधून घातलं मला त्याने. दोरखंड पुलाला लावले त्यातले उरले असतील.

आणि "घट कर" म्हणजे काय? माझे पाय ढिले आहेत असं त्याला कोणी सांगितलं?

गुडघा बरा आहे. म्हणजे बरा नाही. चंदू म्हणतो, "बाबा, तुम्ही आईला आणायला जात का नाही? मस्त पूल आहे म्हणे, झकास फोटो येतात." मी म्हटलं, पुलावर फोटो काढायला जातात ते लोक वेगळे.

घरात फार शांत आहे. संध्याकाळी मी जुनं चौथीचं पुस्तक काढतो आणि कविता म्हणायला लागतो. लता स्वयंपाकघरातून म्हणते, "बाबा, काही हवंय का?" तू कधी असं विचारलं नाहीस. तू तांदूळ निवडत पुढची ओळ म्हणायचीस, बहुतेक वेळा चुकीची.

नीघ म्हणजे झालं.

गुणाजी


बोरीवली, ११ डिसेंबर १९८६

सौ. मालन,

तुझं दुसरं कार्ड वाचून मला जेवण गेलं नाही. लिहितेस, "इथे दिवस कसा जातो कळत नाही. चार वाजले की सगळ्या बायका धोंडिरामाच्या ओट्यावर जमतो. टपाल येतं, गप्पा होतात. काल तर हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

तुला कशाचं एवढं हसू आलं, ते लिहायचं नाही? इथे मी काही कमी विनोद करत नाही. परवाच ह्युबर्टला मी एक सांगितला, तो हसला. तू माझ्या विनोदाला "हं" म्हणतेस आणि गॅस बारीक करतेस.

आणखी एक. तू लिहितेस की माझी 'दरीला कुणी बांधला उंच झोका' ही ओळ आता किंजळवाडीची पोरं पुलावर उड्या मारत म्हणतात. ती ओळ मी चिकटवलेल्या पत्रात लिहिली होती. अनुपमाने ऐकून बालवाडीत शिकवली असेल, तर माझी हरकत नाही. पण दुसरी ओळ लोकांना सांगू नका. लोक भलता अर्थ काढतात.

तू विचारतेस, संध्याकाळी मी कुठे असतो, कारण लताने तुला लिहिलं की बाबा घरी नसतात. कामं असतात. सध्या पूर्वेला जावं लागतं. नेहमी मी फाटकाकडून वळसा घेऊन जातो हे तुला ठाऊक आहे. हल्ली स्टेशनच्या पुलावरून जातो. बदल म्हणून. ह्युबर्ट बरोबर असतो. पुलाच्या मध्यावर आम्ही जरा थांबतो. खालून फास्ट गाडी गेली की तो पूल दातांपर्यंत थरथरतो. परवा माझा हात कठड्यावर होता, म्हणजे सहज होता, तर ह्युबर्ट म्हणतो, "मास्तर, कठडा सोड. तो काय पलून जानार नाय."

मी म्हटलं, "मी कुठे धरलाय?"

"मंग माजा शर्ट सोड."

दर्यावर आयुष्य गेलेला माणूस. त्याची शिकवायची पद्धत अशी: "होडी हालते तवा आपून ताठ ऱ्हायलो तर पडतो. ती हालली की आपून पन हालायचं. आनि खाली नाय बगायचं, जिथं जायचं तिथं बगायचं." मग मी जिथं जायचं तिथं बघितलं, तर समोर पूर्वेचं तिकीटघर. त्याच्याकडे बघून कोणाला धीर येणार? ह्युबर्ट म्हणाला, "तिथं वैनी उभी हाय असं समज." मी समजलो. पण शेजारी छत्री घेऊन तोही उभा राहिला. मग मात्र मी एका दमात पलीकडे गेलो. ह्युबर्ट मागून ओरडतोय, "अरे, थांब रं! कुनाच्या मागं लागलास?"

पलीकडे गेल्यावर त्याच्या बायकोने, ॲग्नेसने, त्याच्याबरोबर दिलेला नारळाचा केक खाल्ला. थंडी वाजायला लागली आहे. उद्यापासून काळा कोट घालीन म्हणतो.

तू हसू नकोस. म्हणजे हस, पण इतकं नको.

गुणाजी


बोरीवली, १३ डिसेंबर १९८६

मालन,

काल कोट घातला. पुलाच्या मध्यावर हात गार पडले म्हणून खिशात घातले, तर डाव्या खिशात तुझा चष्मा.

तुझा चष्मा! काडी मोडली म्हणून जाण्याआधी तू मला दिला होतास, "संध्याकाळपर्यंत आणा हं, मला न्यायचाय." मी "हो" म्हटलं आणि विसरलो. तू तशीच गेलीस. चष्म्याशिवाय तुला भिंतीवरचं कॅलेंडरही दिसत नाही.

मग माझी पत्रं कोण वाचतं?

मी पुलावरच थांबलो. खालून गाडी गेली, मला कळलंसुद्धा नाही. चार वाजता सगळ्या ओट्यावर जमता. टपाल येतं. हसून हसून तुझ्या डोळ्यांत पाणी येतं. ज्या ओट्यावर टपाल येतं त्या ओट्यावर ते वाचूनही दाखवलं जातं. आपल्याकडे टपालमास्तर हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आणि तो गोलाईदार 'ळ'! मनाने स्वच्छ असणाऱ्या माणसाचा!

धोंडिराम, हे तूच वाचत असशील तर इथेच थांब. खाली काही नाही.

वाचलंस ना खाली? मला माहीत होतं.

गुणाजी


कातळवाडी, ४ जानेवारी १९८७

मालन,

काल एस.टी.ने उतरलो. पुतण्या दशरथाने मागच्या पडवीत खाट घातली आहे. हे मी पुलाच्या अलीकडच्या खांबापाशी बसून लिहितो आहे. सकाळचं ऊन आहे. डोळ्यांसमोर तुझं कार्ड आहे, निघण्याच्या आदल्या दिवशी आलेलं. ते मी इतक्या वेळा वाचलं आहे की आता चालीत म्हणता येतं.

"तुमचं प्रत्येक पत्र त्याने वाचलं. एक शब्द गाळला नाही. 'लबाड टोपीवाला' आलं तेव्हा घसा साफ करून, टोपी सरळ करून वाचलं. मग परत तिरकी केली. म्हणून हसले. तुम्हांला वाटलं तसं नव्हे. आणि गाऱ्हाण्याबद्दल त्याला बोल लावू नका. 'त्येचे पाय घट कर' हे मीच त्याच्या कानात सांगितलं. वरात घळीत उतरत होती तेव्हा तुम्ही डोळे मिटून माझ्या शालूचं टोक धरलं होतं. लोकांना वाटलं नवरा हौशी आहे. मला तेव्हाच कळलं. मी कधी बोलले नाही. गुडघा, शाळा, परीक्षा, कधी पाणी, कधी पाहुणे, तुम्ही जे सांगितलंत ते ऐकलं आणि माहेरी एकटी गेले. आता गुडघा पुरे. एकदा तुम्ही माझ्या माहेरी यावं, तुम्हांला माझ्या अंगणात बसलेलं मला बघायचंय. नाही आलात तर मी काही पळून जात नाही, पण येणारही नाही."

आणि त्याखाली, त्याच हाताने, त्याच अक्षरात:

"मास्तर, लिहिणाराने लिहावं, वाचणाराने वाचावं, म्हणून मी मधे बोललो नाही. पण तुमची दुसरी ओळ पुलाला लागू होत नाही. पोरं अशी म्हणतात:

दरीला कुणी बांधला उंच झोका
इथे या, बसा अन् म्हणा काय धोका

मात्रा चुकत असल्यास दुरुस्त करावी. धोंडिराम."

मालन, मी लघु-गुरू बोटांवर मोजले. पुन्हा मोजले. मुंबईपासून इथवर एस.टी.त मोजत आलो. कुठेही चुकत नाही. चुकलं असतं तर मी त्याला क्षमा केली असती.

आता पुलाबद्दल. फोटोत दिसतो त्यापेक्षा तो उंच आहे. फोटोत वारा दिसत नाही. मधल्या फळ्या आपल्या आपण कुरकुरतात. खाली बघू नये असं ह्युबर्टने सांगितलं आहे, म्हणून एकदाच बघितलं: एक घार माझ्या खाली उडत होती. माणसाने घारीची पाठ बघू नये, असं माझं मत झालं आहे.

पलीकडे आंब्याखाली हिरवं लुगडं दिसतं आहे. तूच असशील. शेजारी पांढरं काहीतरी आहे. छत्री नाही, बरं.

टपालाचा धाकू थैली घेऊन माझ्यासमोर उभा आहे. पलीकडची पत्रं तोच नेतो, रोज, शीळ घालत. म्हणतो, "मास्तरानू, पत्र झाला काय? माका उशीर जाता." मी त्याला म्हटलं, थांब जरा. कारण आता जे लिहायचं आहे ते मी तुला कधी सांगितलेलं नाही. इतक्या कविता केल्या, पण तुझ्याबद्दल सरळ एक वाक्य कधी बोललो नाही. निघताना ठरवलं होतं की पत्रात लिहू, बोलण्यापेक्षा सोपं जाईल. आणि लेखणी कागदाला टेकवली तेव्हा लक्षात आलं. हे पत्र धाकूच्या थैलीतून जाणार. मग ओट्यावर. मग तो घसा साफ करणार, टोपी सरळ करणार आणि माझ्या आयुष्यातलं हे एकच वाक्य तुला त्याच्या आवाजात ऐकू येणार. आवाज त्याचा चांगला आहे, मला आठवतो. एक शब्द गाळणार नाही. सुरेख वाचेल.

ते मला चालणार नाही.

मी त्याच्यावर उगीच जळतो, हे तुझं म्हणणं मी मान्य करतो. त्याने माझ्या कोणत्याही वस्तूला हात लावलेला नाही. छत्रीही उन्हासाठीच धरली असेल. तरी हे वाक्य त्याचं होता कामा नये.

धाकूला मी सांगितलं, "तू पुढे हो. हे पत्र टपालात टाकायचं नाही."

तो म्हणाला, "मगे न्हेतलो कोण?"

"मी."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. म्हणाला, "मी पुढे चलतंय, माज्या पाठीक बघून येवा. पूल हाललो तरी थांबा नका." शहाणा माणूस आहे. पण मी त्याच्या पाठीकडे बघणार नाही. जिथं जायचं तिथं बघणार. पावलं भुजंगप्रयातावर टाकायची ठरवली आहेत. वर्गात त्याचे गण आम्ही 'यमाचा, यमाचा, यमाचा, यमाचा' असे घोकायचो. आज तो यम मला आवडत नाही. म्हणून धोंडिरामाचीच ओळ म्हणत येईन. इथे या, बसा अन् म्हणा काय धोका. चाल पक्की आहे, पाय बसतात तिच्यावर. त्याला हे सांगू नकोस.

कोटाच्या डाव्या खिशात तुझा चष्मा आहे. काडी नवी बसवली, काचा पुसल्या. उजव्या खिशात हे पत्र असेल. आधी चष्मा हातात देईन. तो लाव. मग हे उघड. मोठ्याने वाचू नकोस, कोणाला देऊ नकोस.

मालन, तू पुढची ओळ चुकीची म्हणतेस तेव्हाच मला कविता पुरी झाल्यासारखी वाटते.

हे तू तुझ्या डोळ्यांनी वाचते आहेस, त्या अर्थी मी पोचलो.

तुझा,
गुणाजी